रेड्याचं शिंग



ज्ञानोबारायांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले हे आपल्याकडं शेंबड्या पोराला बी ठाऊक असतं. कीर्तनात ऐकलेलं असतं, प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ सिनेमात बघितलेलं असतं. पण वेद बोलून झाल्यावर त्या रेड्याचं पुढं काय झालं? हे विचारलं की निम्मा गाव आभाळाकडं बघतो.

आमच्या सप्त्यात काल्याच्या आदल्या रात्री पारावर हाच विषय निघाला. एक म्हणला मालकानं परत नेला, पखाली वाहायला लावला. दुसरा म्हणला थेट वैकुंठाला गेला. किराणा दुकानवाल्यानं सांगितलं आळंदीला आहे, भिंतीपाशी. तो आळंदीला तीनदा गेलाय म्हणून त्याचं वजन जास्त. शेवटी विणेकरी बाबा बोलले, “रेडा त्या चौघा भावंडांसंगट निघाला. पैठणहून नेवासा, नेवाशाहून पुढं. जुन्नर तालुक्यात आळ्याला त्यानं देह ठेवला. माउलींनी तिथं त्याला समाधी दिली.”

घरी येऊन आईला सांगितलं. आई ऐंशीच्या पुढं आहे, कान चांगले आहेत, फक्त जे ऐकायचं नाही ते ऐकू येत नाही. ती म्हणली, “समाधी हाय ते मला ठावं हाय. अन् शिंग बी हाय.”

“कसलं शिंग?”

“त्या रेड्याचं. माझा बाप पायी आळंदीला जायचा, त्यानं सांगितलं. शिंग कानाला लावलं का आतून वेद ऐकू येतेत.”

आता इथं घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास कळायचा नाही.

आमची म्हैस आठ दिवसांपूर्वी व्यायली. दहा महिने दहा दिवस वाट बघितलेली. रात्री दोनला बॅटरी धरून मी गोठ्यात, बायको दारात. तिनं विचारलं काय झालं. मी म्हणलं हल्या. ती काही न बोलता चुलीवर पाणी ठेवायला गेली. ज्यांच्या दारात म्हैस आहे त्यांना हे गप्प बसणं समजंल. वगार झाली असती तर शेजारी खरवस जाताना सोबत बातमी गेली असती. हल्या झाला की नुसता खरवस जातो.

पूर्वी रेड्याला काम होतं. कोकणात, मावळात भाताच्या चिखलणीला, गावोगाव पखालीला. आमच्या काळ्या रानात तो औताला फार कधी चाललाच नाही, ऊन सोसत नाही त्याला. जिथं चालत होता तिथं ट्रॅक्टर आला, पखालीच्या जागी नळ आला. आता रेतन बी कांडीनं होतं, म्हणजे त्या कामाला सुद्धा गावात एक रेडा पुरंना असं काही राहिलं नाही, एकाची बी गरज नाही. मग हल्या झाला की काय करतात? कुणी मारत नाही. फक्त कुणी पाजत नाही. पान्हा सुटण्यापुरतं तोंड लावायचं, दोन चुळा ओढल्या की खुंट्याला बांधायचं. पंधरा-वीस दिवसांत ते खंगतं, एक दिवस सकाळी उठत नाही. आमच्या लहानपणी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून म्हशीपुढं उभं करायचे, ती त्याला चाटत चाटत दूध द्यायची. मी ते बघितलंय. आजही आठवलं की घास खाली जात नाही.

दुसरा रस्ता म्हणजे व्यापारी. २०१५ च्या कायद्यानं गाय-बैल बंद झाले, म्हशी-रेडे त्यात नाहीत, त्यामुळं तो मोटारसायकलवर बिनधास्त येतो. आमच्या दारात व्यायल्यापासून आठव्या दिवशी आला. पाचशे म्हणला.

बायकोचा हिशोब चोख. म्हैस दोन्ही टायमाचं मिळून नऊ लिटर देते. रेडकाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध लागतं, म्हणजे तीस किलोच्या पोराला तीन लिटर. पन्नास रुपयांनी दिवसाला दीडशे, महिन्याला साडेचार हजार. तीन महिने पाजलं तर साडेतेरा हजार, आणि तीन महिन्यांनी हातात काय? रेडाच. इकडं सोसायटीचं मार्चअखेर तोंडावर. कापूस विकला तो खताच्या उधारीत गेला, हरभरा पोत्यात आहे पण भाव नाही. तिचं काही चुकत नव्हतं. आई म्हणली रेडकू गेलं तर म्हैस आटंल. त्यावर बी बायकोकडं उत्तर होतं, पेंड पुढं टाकली की ती सोडती पान्हा, गरीब आहे.

तेव्हा आईनं शिंगाचं काढलं.

“तू आळ्याला जाऊन ते शिंग बघून ये. तवर ह्या लेकराला हात लावायचा न्हाई. त्याच्याच जातीचं हाय हे. माघारी आला का मग काय करायचं ते करा.”

“आई, दोनशे किलोमीटरच्या वर आहे.”

“मग? माझा बाप पायी गेला.”

तिचा डाव बायकोला तिथल्या तिथं कळला. मला शेवगाव ओलांडल्यावर कळला. पण आईनं आजवर माझ्याजवळ साडी सुद्धा मागितली नाही, हे पहिलं मागणं. निघालो.

सोबतीला दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, वय सदुसष्ट. पासष्टच्या पुढं एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळं ते कुठं बी यायला तयार असतात. जागा कुठली हे नंतर विचारतात. निघताना पिशवीत मफलर, चष्मा, कानातला मळ काढायचं औषध घेतलं. म्हणलं हे कशाला? म्हणले, “पाव्हणं, वेद ऐकायचेत ना? कान साफ नको?”

पहिला मुक्काम पैठण. आमच्या अंबडकडून सरळ गाडी आहे. धरणाचे सत्तावीस दरवाजे, त्यातला एकही उघडा नाही, फाल्गुनात कसा असंल. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि नागघाटावर गेलो. रेडा बोलला तो इथं. घाटावर रेड्याची मूर्ती आहे.

ती गोष्ट सगळ्यांना माहीत असली तरी एक बारकावा बरेच जण सोडून देतात. ज्ञानोबांचा जन्म १२७५ चा धरला तर तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचं पोरगं. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली, आईबाप गेलेले. शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्राह्मणांपुढं उभी राहिली. त्यांनी नाव विचारलं. तेवढ्यात समोरून पखाल घेऊन एक रेडा चालला होता, त्याचंही नाव ज्ञाना. कुणीतरी हिणवलं, नावात काय आहे, तो बी ज्ञानाच. पोरगं म्हणलं, खरंच आहे, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्याला आसूड मारले तर वळ पोराच्या पाठीवर उमटले, आणि पुढं वेदाचं ते झालं. आमच्या शाळेत गुरुजी मला रेड्या म्हणूनच हाक मारायचे. रेडा वेद बोलला, मी दहावी पास झालो. दोन्हीची गावात सारखीच चर्चा झाली.

घाटावर फुलं विकणाऱ्या मावशीला विचारलं, “मावशी, रेड्याचं शिंग कुठं आहे?”

तिनं मूर्तीकडं बोट दाखवलं. “एक नाय, दोन हायेत.”

दाजींनी इकडं तिकडं बघितलं, टोपी काढली, आणि मूर्तीच्या शिंगाला कान लावला. डोळे मिटले. मी लांब सरकलो, ओळख नाही असं दाखवत. आधी दोन पोरं हसली. मग एका यात्रेकरू बाईनं दाजींना विचारलं, काय ऐकू येतं हो बाबा? दाजी कुणाला नाराज करत नाहीत. म्हणले, “घूंऽ असा आवाज आहे. बारीक.” आम्ही पायऱ्या चढून वर आलो आणि मागं वळून बघितलं तर चौघी जणी रांगेत उभ्या.

शेवगावच्या गाडीत आमच्या मागच्या शिटावर त्यातलीच एक बाई. शेजारणीला सांगत होती, “नागघाटावर शिंगाला कान लावला का वेद ऐकू येतेत. पुराण्या काळापासून हाय म्हणं.” दाजींनी मला कोपर मारलं. तीर्थं कशी तयार होतात ते मी त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटांत बघितलं. अर्ध्या तिकिटात.

शेवगावहून कुकाणामार्गे नेवासा. सगळा ऊस. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून डोकं चालू लागलं. चमत्काराचं आपण एवढं बोलतो, की रेडा बोलला, रेडा बोलला. पण काम झालं होतं ना? पैठणच्या लोकांनी हात जोडले, पोरांचं म्हणणं सिद्ध झालं. रेड्याला तिथंच सोडून निघता आलं असतं. पखालवाल्याला तो कामाचाच होता. तरी कथा म्हणते ती चार पोरं त्याला सोबत घेऊन निघाली. थोरला निवृत्ती असंल पंधरा-सोळाचा, मुक्ताई आठ-नऊ वर्षांची. स्वतःच्या जेवणाचा पत्ता नाही, माधुकरी मागून खाणारी, आणि बरोबर रेडा. रेड्याला दिवसाला पोटभर वैरण किती लागते ते मला विचारा, पंचवीस-तीस किलो ओला चारा कुठं गेला नाही. आणि दुपारी डुंबायला पाणी. गोदावरीपासून प्रवरेपर्यंत त्याला कुणी वळलं असंल, कोण त्याच्यासाठी पाणवठा बघत चाललं असंल? बहुतेक सोपान आणि मुक्ताई. घरात सगळ्यात धाकट्यांकडंच जनावरं येतात.

हे दाजींना सांगितलं तर ते घोरत होते.

नेवाशाला पैसाचा खांब. ज्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, शके १२१२, म्हणजे १२९०. नऊ हजारांच्या आसपास ओव्या आणि सांगणारा पंधरा वर्षांचा. आता भोवती मोठं देऊळ आहे, मध्ये तो दगडी खांब, त्यावर जुना लेख कोरलेला. दाजींनी खांबाला एक चक्कर मारली, वर बघितलं, खाली बघितलं. “खांबच आहे की,” म्हणले. मला मात्र तिथून उठावंसं वाटेना. पाठ टेकायला एक खांब, एवढीच सामग्री. आमच्या इथं पीकविम्याचा अर्ज भरायला सुद्धा यापेक्षा जास्त वस्तू लागतात.

तिथं एक वयस्कर वारकरी पोथी वाचत बसले होते. त्यांना शिंगाचं विचारलं. त्यांनी चष्मा वर केला.

“कुठले तुम्ही?”

गाव सांगितलं.

“जनावरं काय आहेत?”

“एक म्हैस, दोन बैल.”

“म्हैस व्यायली का?”

“व्यायली. आठ दिवस झाले.”

“काय झालं?”

“हल्या.”

“पाजता का?”

मंडळी, आजवर तलाठी, बँकेचा साहेब, विम्यावाला, सगळ्यांनी मला प्रश्न विचारले, पण असं सरळ कुणी गाठलं नाही. मी म्हणलं, “आई पाजती.” त्यांनी मान हलवली आणि परत पोथीत डोकं घातलं. शिंगाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

रात्र धर्मशाळेत काढली. सकाळी नगरच्या गाडीत बसलो तर वाटेत घोडेगाव, आणि नेमका बाजाराचा दिवस. घोडेगावचा म्हशींचा बाजार सगळ्या मुलखात नावाजलेला. दाजींना राहवंना, उतरलो.

काय म्हशी होत्या, सांगता येत नाही. काळ्याभोर, तेल लावलेल्या, शिंगांना रंग, गळ्यात गोंडे. कासा अशा की मागचे पाय फाकून चालाव्या लागतात. रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदे चाललेले. वरून बघणाऱ्याला वाटावं दोन माणसं हातात हात घालून रुसवा काढतायत. प्रत्येकीजवळ रेडकू बांधलेलं, दुधाची आणि पान्ह्याची खात्री पटवायला. एका म्हशीचा सौदा झाला, लाखाच्या वर. घेणाऱ्यानं म्हैस टेम्पोत चढवली आणि रेडकाकडं बघून म्हणला, हे हल्या आहे ना, मग ठेवा तुमच्याकडं. विकणारा म्हणला, नाही नाही, घेऊन जा, जोडीनं दिलंय. दोघांत पाच मिनिटं चाललं, दोघंही हातानं त्या पोराला एकमेकाकडं सरकवत. लाख रुपयांच्या सौद्यात एवढी घासाघीस झाली नव्हती. शेवटी टेम्पो गेला. रेडकू कुणाकडं राहिलं ते गर्दीत मला दिसलं नाही.

इकडं कृषी प्रदर्शनात टनभर वजनाचा रेडा आणतात, खाली कोट्यवधींची किंमत लिहिलेली असते, आणि माणसं तिकीट काढून त्याच्याबरोबर फोटो काढतात. जात तीच.

दाजी मात्र कामावर होते. घुंगरमाळा, वेसण, म्होरक्या विकणाऱ्याला जाऊन विचारलं, “एखादं सुटं शिंग मिळंल का, जुनं दिसणारं?”

तो म्हणला, “म्हैस घ्या. शिंगं फुकट.”

मी दाजींना बाजूला घेतलं. त्यांचा बेत असा की कुठलंही शिंग घ्यायचं, आळ्याचं म्हणून आईच्या कानाला लावायचं, काम खलास. “म्हातारीला काय कळतंय!” म्हणले. म्हणलं दाजी, तुमच्या सासूला साठ वर्षं म्हशीमागं झाली आहेत. मुऱ्हाचं शिंग जिलबीसारखं वळलेलं, पंढरपुरीचं तलवारीसारखं लांब, आपल्या मराठवाडीचं चपटं, खांद्यापर्यंत मागं गेलेलं. ती आधी विचारंल, माउलीचा रेडा हरियाणाचा होता का? दाजी गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणले, “मग मराठवाडीचंच बघू.” त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं.

नगरहून कल्याणकडं जाणारी गाडी. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, मग आणे. आण्याची आमटी-भाकरी महाराष्ट्रात गाजलेली, रंगदास स्वामींच्या यात्रेला कढयांनी शिजते, पण यात्रा नव्हती म्हणून दाजींना खिडकीतूनच नमस्कार करावा लागला. पुढं बेल्हे आणि मग आळे. फाट्यापर्यंत न जाता अलीकडंच उतरलो. रिक्षावाल्याला म्हणलं, रेडा समाधी. तो म्हणला, बसा, आणि अंधाराच्या आत निघा म्हणजे बरं, उसात बिबट्या आहे. हे तो इतक्या सहज म्हणला की जसं आपण म्हणतो, अंगणात कुत्रं आहे.

दुपार टळत आलेली, देवळात फार माणसं नव्हती. माणसाच्या समाध्या खूप बघितल्या. जनावराच्या समाधीपुढं डोकं टेकवायची माझी पहिलीच वेळ. नाही म्हणायला बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर लावतो आपण, पण तो दगड, भीतीनं पुजलेला. यमाचा रेडा बी भीतीचाच. इथं भीतीचं काही नव्हतं. इथं एक थकलेलं जनावर पडलं आणि सोबतच्यांनी ते पुरलं, एवढंच. आमच्याकडं बैल मेला की आम्ही पुरतो, वर मीठ टाकतो, हळद-कुंकू वाहतो. म्हशीला सुद्धा करतो. रेडकाला ओढ्याच्या काठी.

तिथं झाडलोट करणाऱ्या गृहस्थांना शिंगाचं विचारलं. ते हसले नाहीत.

“माणसं काय काय विचारतात,” ते म्हणले. “मागं एक जण खूर विचारत होता. असं वर काढून ठेवलेलं काही नाही, दादा. जे आहे ते खाली आहे. रेड्यासंगट.”

दाजींनी तरी समाधीच्या कडेला जमिनीला कान लावून घेतलाच.

तेवढ्यात एक तरणा गडी आला. दाराबाहेर मोटारसायकल, तिला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन. त्यानं मनापासून दर्शन घेतलं. म्हणलं, दादा, तुमच्याकडं म्हशी किती? सात, म्हणला. म्हणलं, हल्या झाला तर काय करता?

त्यानं समाधीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणला, “बाहेर चला, सांगतो.”

बाहेर आल्यावर चप्पल घालत हळू आवाजात म्हणला, “आता वगारीचीच कांडी भरतो. महाग पडती, पण शंभरात नव्वद वगारीच होतात.”

“आणि उरलेल्या दहांत?”

त्यानं किक मारली. “येतो दादा,” म्हणला. कॅन वाजवत गेला.

आळेफाट्याला मासवडी खाल्ली. मासवडीत मासा नसतो हे दाजींना माहीत नव्हतं, त्यांनी दोन ताटं संपेपर्यंत वाट बघितली. तिथूनच आईला फोन लावला.

“आई, शिंग नाही.”

“नीट इचारलं का?”

“विचारलं.”

“कुणाला?”

“तिथल्या माणसाला.”

“एकालाच?” मग जरा थांबून, “आळंदीला इचारा. माझा बाप आळंदीला जायचा.”

मागून बायकोचा आवाज आला, “त्यांना म्हणावं काशीला बी विचारून या.” फोन बंद.

तर मंडळी, आळंदी बी झाली. इंद्रायणी, समाधी, अजानवृक्ष, चालवलेली भिंत, सगळं बघितलं. तिथल्या पहारेकऱ्याला दाजींनी शिंगाचं विचारलं तर तो म्हणला, रांग पुढं सरकवा. दुसऱ्या दिवशी रातराणी धरली. निघाल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी घरी.

गोठ्यात आधी गेलो. पाच दिवसांत पोरानं अंग धरलं होतं. कातडीवर चकाकी, शेपटी वर करून खुंट्याभोवती उड्या. आई बाजेवर बसलेली. म्हैस व्यायल्यापासून तिनं स्वतःची झोप गोठ्याच्या दारात हलवली होती म्हणे, आणि दूध काढायच्या टायमाला दोन सडं पोराची म्हणून काठी आडवी धरायची.

“मंग?” तिनं विचारलं.

“शिंग नाही आई. सगळीकडं विचारलं. तिथला माणूस म्हणला वर काही नाही, जे आहे ते खाली आहे. रेड्यासंगट.”

आईनं कपाळाला हात लावून नमस्कार केला. “मंग हाय की! खाली हाय म्हणल्यावर दिसंल कसं? माझा बाप खोटं बोलत न्हवता.” आणि शेजारच्या काकूला हाक मारून सांगितलं, पोरगा शिंगाचं बघून आला, हाय म्हणला.

दाजींनी वर जोडून दिलं, पैठणला तर आवाज बी येतो.

परवा व्यापारी परत आला. आता आठशे म्हणला. मी काही बोलायच्या आत बायकोनं त्याला आईकडं पाठवलं. म्हणली, “मालकीण ती आहे, तिला विचारा.” का तसं म्हणली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आईला त्या दिवशी काही ऐकू येत नव्हतं. तो दोनदा ओरडून आठशे म्हणला, तिसऱ्यांदा हजार म्हणला, मग गाडी वळवून गेला.

आजची नोंद. सकाळचं दूध तीन लिटर, फॅट ७.२. संध्याकाळचं अजून काढायचंय. दोन सडं रेडकाला. हरभऱ्याचा भाव उद्या अंबडला जाऊन बघणार. मार्चअखेरीला अठरा दिवस. कुणाकडं मळ्यात रेडा सांभाळायची सोय असंल, किंवा कुणी सांभाळत असंल, तर वैरणीचा आणि खर्चाचा हिशोब खाली लिहा. नुसता जय हरी लिहू नका.